जुन्या आंबा बागांची छाटणी : हत्यारे, दोर व दररोजचे काम

कोकणपट्टीतील अनेक हापूस बागांत चाळीस ते पन्नास वर्षे वयाची कलमे उभी आहेत. दहा दहा मीटर अंतरावर लावलेली ही झाडे वाढता वाढता एकमेकांत मिसळली आहेत. त्यामुळे घेराच्या आत ऊन पोचत नाही, फवारणीचे औषध शेंड्यापर्यंत जात नाही आणि फळ उतरविणे कष्टाचे होते. आतल्या फांद्या वांझ राहतात व फळे केवळ उन्हात असलेल्या बाहेरच्या टोकांवर धरतात. अशा बागांचे पुनरुज्जीवन छाटणीने होऊ शकते.

परंतु हे काम आता बहुधा घरच्या माणसांकडून होत नाही. गावोगाव छाटणीच्या टोळ्या तयार झाल्या असून एखादा ठेकेदार चार-सहा गडी, एक-दोन साखळी करवती व दोर घेऊन बागेमागून बाग करीत जातो. अशा कामात दोन गोष्टींची जोखीम एकाच वेळी पत्करलेली असते. एक म्हणजे पन्नास वर्षांत उभे राहिलेले झाड व दुसरी म्हणजे झाडावर चढलेला माणूस. दोन्हींचे नुकसान क्षणात होते आणि भरून मात्र येत नाही. म्हणून ठेकेदार, बागायतदार व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते या तिघांनाही या कामाची रीत नीट माहीत असणे अगत्याचे आहे.

काम ठरविताना

छाटणीचा ठराव तोंडी असू नये. कोणती झाडे, कोणत्या उंचीपर्यंत, कोणत्या फांद्या राखावयाच्या, लाकूड कोणाचे, बारीक फांद्या कोणी हलवावयाच्या, जखमेवर लेप कोणी लावावयाचा, या सर्व बाबी कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. राखावयाच्या फांदीवर चुन्याची व कापावयाच्या फांदीवर गेरूची खूण आदल्या दिवशीच करावी. काम सुरू झाल्यावर खालून ओरडून फांद्या दाखविण्याची प्रथा धोक्याची आहे. कित्येकदा चुकीची फांदी अशाच वेळी पडते.

मजुरीचा दर ठरविण्याचाही परिणाम कामावर होतो. दर झाडामागे ठरला की जास्त झाडे उरकण्याची घाई होते, मोठी फांदी न बांधताच सोडली जाते आणि लेप लावावयाचा राहून जातो. लाकूड हाच मोबदला ठरविला, तर जाड फांद्या जास्त तोडण्याचा मोह होतो. म्हणून मोठ्या छाटणीचा दर शक्यतो दिवसावर ठरवावा अथवा झाडामागील दरात लेप व सफाई यांचा स्पष्ट समावेश करावा. बागायतदारास यात थोडे जास्त द्यावे लागले तरी झाडाच्या दृष्टीने ते स्वस्तच पडते.

सर्व बाग एकाच वर्षी छाटू नये. जोरदार छाटणी केलेल्या झाडापासून पुढील दोन हंगाम तरी भरीव उत्पन्नाची अपेक्षा धरता येत नाही. एकाआड एक ओळ घेतल्यास अथवा बागेचे तीन भाग करून दर वर्षी एक भाग घेतल्यास कुटुंबाचे उत्पन्न अगदी बंद पडत नाही आणि पहिल्या भागातील अनुभव पुढील भागास उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात 1964 च्या झाडे तोडण्याच्या नियमनाच्या अधिनियमातील अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ या झाडांचा समावेश आहे. खाजगी जमिनीतीलही असे झाड तोडण्यास परवानगी लागते. शहरी हद्दीत 1975 चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. झाड मुळापासून काढावयाचे असो वा नुसते मोठे खांदे उतरवावयाचे असोत, संबंधित कार्यालयात आधी चौकशी करून मगच कुऱ्हाड लावावी.

हंगाम

मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यावी. पावसात कापलेली जागा वाळत नाही व तीत बुरशी शिरते. आंब्याचा खोडकिडाही याच दिवसांत सालीच्या फटींत अंडी घालतो. शिवाय पावसात खोडावर शेवाळ धरून पाय घसरतो व ओला दोर हातातून निसटतो. वाळलेली व मोडकी फांदी काढणे अथवा बांडगूळ काढणे यासारखी हलकी कामे मात्र फळ उतरल्यावर, पाऊस लागण्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत उरकता येतात.

हातहत्यारे व त्यांची निगा

बोटाएवढ्या डहाळीस छाटणीची कात्री, मनगटाएवढ्या फांदीस वाकडी हातकरवत आणि त्याहून जाड फांदीस मोठी अथवा साखळी करवत, असा साधारण नियम ठेवावा. कोयत्याने जिवंत फांदी तोडू नये. कोयता लाकूड चिरतो, सालीच्या चिंध्या करतो आणि अशा जखमेत पाणी साचते. त्याचा उपयोग जमिनीवर पडलेल्या फांद्या सवळण्यासाठी करावा. कुऱ्हाडीला तर झाडावर मुळीच स्थान नाही. ती खाली ओंडके फोडण्यापुरती ठेवावी.

बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावताना तोल जातो. म्हणून धार लावणे हे सुरक्षिततेचेच काम समजावे. कात्री व कोयता निसण्यावर आणि करवत कानशीने रोज संध्याकाळी घासावी. धार लावल्यावर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा. कोकणातील खारट व दमट हवेत एका रात्रीत गंज चढतो.

रोगट झाडावर वापरलेले हत्यार तसेच दुसऱ्या झाडाला लावू नये. पात्यावरील भुसा व चीक पुसून ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. यास अर्धे मिनिट लागते, पण एका झाडाचा रोग साऱ्या बागेत नेण्याचे टळते.

हत्यार खिशात खोचून अथवा तोंडात धरून चढू नये. चढणाऱ्याने दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि हत्यार मागाहून दोराने वर ओढून घ्यावे. उतरवितानाही ते दोरानेच सोडावे, वरून फेकू नये.

साखळी करवत

साखळी करवतीने चार गड्यांचे काम एक गडी करतो, आणि चार गड्यांना होईल एवढी इजाही ती एका क्षणात करते. ती चालविण्याचे काम शिकलेल्या माणसाकडेच द्यावे.

दोन-ठोकी इंजिनास पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. पुष्कळशा यंत्रांस चांगल्या प्रतीचे तेल 50 भागांस 1 भाग, म्हणजे 1 लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर, असे प्रमाण सांगितलेले असते. तथापि यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतील प्रमाण हेच अंतिम मानावे. तेल कमी पडले तर इंजिन जळते आणि जास्त झाले तर धूर होऊन प्लगवर काजळी धरते. मिश्रणाच्या डब्यावर ठळक खूण असावी. इंजिन तापलेले असताना टाकी भरू नये आणि भरताना विडी-सिगारेट जवळ आणू नये. जिथे तेल भरले तेथून निदान तीन मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. तीही प्रत्येक वेळी भरावी. साखळी कोरडी चालली तर पट्टी झिजते.

साखळीचा ताण रोज सकाळी पाहावा. ती पट्टीच्या खालच्या कडेस बसलेली असावी आणि यंत्र बंद असताना हातमोजा घातलेल्या हाताने ओढली असता सहज सरकावी. तापलेली साखळी लांबते म्हणून ती कामात घट्ट केली असल्यास दिवस संपल्यावर सैल करून ठेवावी, नाही तर थंड होताना ती आवळते. साखळीस धार आहे की नाही हे भुशावरून कळते. जाड कीस पडत असेल तर धार चांगली. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला की काम थांबवून योग्य जाडीच्या गोल कानशीने प्रत्येक दात सारख्याच वेळा घासावा.

पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडास लागला तर करवत चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. बहुतेक भयंकर जखमा अशाच होतात. म्हणून नाकाने कापू नये, खांद्याच्या उंचीवर करवत नेऊ नये, एका हाताने ती चालवू नये आणि शिडीवर उभे राहून तर ती कधीच वापरू नये. यंत्र जमिनीवर ठेवून, साखळीचा ब्रेक लावूनच सुरू करावे आणि दोन पावले जावयाचे झाले तरी ब्रेक लावावा. ब्रेक नादुरुस्त असलेली करवत त्या दिवशी वापरावयाची नाही, हा नियम ठेकेदाराने स्वतःवर घालून घ्यावा.

दोर, पट्टा व शिडी

माणसाचा दोर व लाकडाचा दोर हे दोन वेगळे असावेत. त्यांस वेगळ्या रंगाची खूण करावी. ज्या दोराने ओंडके उतरविले त्याने माणूस बांधू नये, कारण झटक्याने आतले धागे तुटलेले असले तरी वरून ते दिसत नाही. काथ्याचा अथवा बाजारातील स्वस्त प्लॅस्टिकचा दोर माणसासाठी वापरू नये. चढणीसाठी बनविलेला दोरच घ्यावा. रोज सकाळी तो हातातून वीतभर वीतभर सरकवून पाहावा. मध्येच मऊ, कडक वा बारीक लागणारा भाग, वितळलेला डाग अथवा तुटलेली वीण आढळल्यास दोर बाद करावा. बाद दोराचे तुकडे करून टाकावेत, म्हणजे दुसरा कोणी तो उचलणार नाही. दोर पेट्रोलच्या डब्याशेजारी वा उन्हात ठेवू नये.

कमरेला बांधलेला नुसता दोर पडणाऱ्या माणसास वाचवितो खरा, पण झटक्याने बरगड्या व पोटास गंभीर इजा करू शकतो. त्याऐवजी सर्व अंगाचा पट्टा वापरावा. असे पट्टे आय.एस. 3521 व डोक्याची टोपी आय.एस. 2925 या भारतीय मानकांची खूण पाहून घ्यावीत. झाडावर करवत चालविताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, म्हणजे करवतीने एक दोर कापला गेला तरी दुसरा त्यास धरतो. दोर नेहमी जिवंत व जाड खांद्यावरून घ्यावा. आंब्याची वाळकी फांदी दिसावयास मजबूत असली तरी आवाज न करता मोडते.

शिडीचा पाया खोडापासून किती दूर ठेवावा याचे सोपे माप असे की, चार हात उंचीस एक हात अंतर. शिडीचे डोके खांद्यास बांधावे व ते पाय ठेवण्याच्या जागेपेक्षा सुमारे एक मीटर वर असावे. बांबूची शिडी दर हंगामास पायरीपायरीने तपासावी.

कामाचा दिवस

चार माणसांच्या टोळीत एक झाडावर, एक दोरावर, एक फांद्या ओढण्यास आणि एक पाहण्यास अशी वाटणी सोयीची पडते. पाहणारा माणूस रिकामा बसला आहे असे बागायतदारास वाटते, परंतु जाणाऱ्या-येणाऱ्यास अडविणे, वरच्या गड्यावर नजर ठेवणे आणि प्रसंगी काम थांबविणे हे त्याचेच काम आहे. वरून फांदी सुटण्यापूर्वी ‘सोडतो’ अशी हाक द्यावी आणि खालून ‘मोकळे’ असे उत्तर आल्यावाचून शेवटचा काप घेऊ नये. सहा मीटर उंचीवरून सुटलेली फांदी साधारण एका सेकंदात जमिनीवर येते. एवढ्या वेळात माणूस वर पाहतो, पण बाजूस होऊ शकत नाही. तिचे वजनही ध्यानात ठेवावे. तीस सेंटिमीटर जाड व तीन मीटर लांब ओली फांदी दीड ते दोन क्विंटल भरते.

सकाळी काम सुरू करण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारावी. पोकळ खोड, चिरलेला बेचका, लटकलेली फांदी, आग्या मधमाश्यांचे पोळे, तांबड्या मुंग्यांची घरटी, ढोलीतील साप आणि जवळून गेलेली तार या सर्वांची नोंद करून मगच कोणी व कोठून चढावयाचे ते ठरवावे. फांदीच्या लांबीच्या दुप्पट अंतरापर्यंत जागा मोकळी करून दोरी बांधावी. मुले व गुरे दूर ठेवावीत.

कठीण झाड सकाळी, अंग ताजे असताना घ्यावे. दुपारी बारा ते तीन या वेळात झाडावरचे काम बंद ठेवावे आणि त्या वेळात लेप तयार करणे, धार लावणे, फांद्या सवळणे ही कामे करावीत. वर असणाऱ्यास तासा-दीड तासाने उतरवून पाणी द्यावे. वारा सुटल्यास, पाऊस आल्यास अथवा विजा चमकू लागल्यास तत्काळ खाली यावे. दारू प्यालेल्या माणसास त्या दिवशी बागेतही येऊ देऊ नये. मग तो कितीही कसबी गडी असो.

फांदी कापण्याची रीत

जाड फांदी एकाच कापात तोडली तर ती आपल्या भाराने वाकते आणि खोडावरची साल खालपर्यंत सोलून नेते. हे टाळण्यासाठी तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून सुमारे तीस सेंटिमीटर अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत घ्यावा. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने घ्यावा, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा.

हा तिसरा काप कोठे घ्यावा यास विशेष महत्त्व आहे. फांदी खोडास मिळते तेथे सालीची एक फुगीर कड असते. पूर्वी ही कडही तासून खोडाशी अगदी सपाट काप घेण्याची पद्धत होती. अमेरिकेच्या वन खात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो (1930-2006) यांनी असंख्य खोडे चिरून दाखविले की, झाड कुजणारा भाग आतून भिंती घालून वेगळा करते आणि जखम झाकणारी नवी साल याच कडेतून येते. कड तासली तर जखम मोठी होते व कूज खोडात उतरते. उलट लांब खुंट ठेवला तर तो वाळून किडीचे घर बनतो. म्हणून काप फुगीर कडेच्या लगेच बाहेर, पाणी साचणार नाही असा उतरता घ्यावा.

घराच्या कौलांवर, विहिरीवर अथवा कलमांच्या रोपांवर आलेली फांदी आधी दोराने वरच्या खांद्यास बांधून लहान तुकड्यांत उतरवावी. दोर धरणाऱ्याने तो हाताला वा कमरेला गुंडाळू नये. खोडास दोन वेढे देऊन मग धरावा, म्हणजे भार खोडावर येतो.

जखमेवरील लेप

कापलेल्या जागेस त्याच दिवशी दहा टक्के बोर्डो लेप लावावा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात व एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवावेत. चुना गाळून घ्यावा. मग दोन्ही द्रावणे ढवळीत एकत्र करावीत. भांडे प्लॅस्टिकचे, मातीचे अथवा लाकडी असावे. लोखंडी वा पत्र्याचे भांडे वापरू नये. लेप ठीक झाला की नाही हे पाहण्यास घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याचे पाणी घालावे. हा लेप त्याच दिवशी संपवावा. दुसऱ्या दिवशी त्याचा गुण राहत नाही.

लेपाने जखम भरत नाही, ती झाड स्वतःच भरते. लेपामुळे तोवर बुरशीस अटकाव होतो एवढेच. म्हणून वेडावाकडा काप लेपाने झाकून चालत नाही. छाटणीनंतर एकदम उन्हात आलेली खांद्यांची साल भाजून तडकते. तिच्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा.

बांडगूळ, फांदीमर व खोडकिडा

बांडगूळ नुसते ओरबाडून काढल्यास त्याची मुळे फांदीत राहून ते पुन्हा फुटते. ज्या गाठीशी ते चिकटले आहे तिच्या खाली सुमारे तीस सेंटिमीटरवर फांदी कापावी. पक्षी त्याची फळे खाऊन बी दुसऱ्या फांदीवर टाकतात, यासाठी फळे पिकण्यापूर्वीच ते काढावे. टोकाकडून वाळत आलेली फांदी वाळक्या भागाच्या सात ते दहा सेंटिमीटर खाली, निरोगी लाकडात कापावी.

खोडाच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर खोडकिड्याची शंका घ्यावी. छिद्र मोकळे करून टोक वाकविलेल्या तारेने अळी ओढून काढावी आणि पुढील उपाय कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे करावा. पोखरलेले ओंडके बागेत रचून ठेवू नयेत. त्यांतूनच पुढल्या पावसाळ्यात भुंगेरे बाहेर पडतात.

विजेच्या तारा

तारेपासून तीन मीटरच्या आत येणारी फांदी टोळीने स्वतःच्या जबाबदारीवर कापू नये. वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयास कळवून वाहिनी बंद करून घ्यावी आणि बंद झाल्याचे कर्मचाऱ्याने जागेवर येऊन सांगितल्यावरच हात लावावा. ‘या वेळी वीज नसतेच’ या समजुतीवर कोणी विसंबू नये. ओली फांदी, ओला दोर व ॲल्युमिनियमची शिडी या तिन्हींतून प्रवाह माणसापर्यंत पोचतो. तारेवर पडलेली फांदी ओढण्याचा प्रयत्न करू नये.

अपघात झाल्यास

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी आणि ती भिजली तरी न काढता वरून दुसरी ठेवावी. उंचावरून पडलेल्या माणसास उठवून बसवू नये व पाणी पाजू नये. पाठीच्या कण्यास इजा असल्यास हालविण्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. मान व डोके स्थिर धरून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बागेस जाण्याची वाट सांगता यावी यासाठी गाव, वाडी व जवळची खूण एका पुठ्ठ्यावर लिहून हत्यारांच्या पेटीत ठेवावी. घाबरलेल्या माणसास त्या वेळी आठवत नाही.

2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वर्षे वयाच्या खातेदारास अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वाबद्दल 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. जून 2022 पासून तिचा वार्षिक हप्ता 20 रुपये आहे. टोळीतील प्रत्येक गड्याचे नाव त्यात आहे की नाही, हे ठेकेदाराने हंगामापूर्वीच पाहावे. रोजाच्या मजुरीपुढे ही रक्कम नगण्य आहे.

छाटणीनंतर

छाटलेल्या टोकांपाशी पुढे फुटव्यांचा गुच्छ येतो. तो तसाच ठेवला तर दोन वर्षांत पूर्वीचीच गर्दी होते. प्रत्येक टोकाशी बाहेरच्या दिशेचे, अंतरावर असलेले चार-पाच जोमदार फुटवे राखून बाकीचे कोवळे असतानाच काढावेत. ही दुसरी फेरी मूळ ठरावातच लिहिलेली असावी. विरळणी न केलेल्या झाडाची छाटणी वाया गेल्यासारखीच होय. बारीक फांद्यांचा पाला आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा, बुंध्याशी ढीग करून पेटवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील टोळ्यांची ओळख करून घ्यावी आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांना एका बागेत एकत्र बोलवावे. तेथे तीन काप, दोराची तपासणी, बोर्डो लेप व हाकेची पद्धत ही चार प्रात्यक्षिके दाखविण्यास अर्धा दिवस पुरतो. चांगल्या टोळीची पारख किती झाडे उरकली यावरून करू नये. संध्याकाळी सर्व गडी धडधाकट घरी परतले, हत्यारे पुसून पेटीत गेली आणि प्रत्येक जखमेवर लेप लागला, तर त्या दिवसाचे काम पुरे झाले असे समजावे.